स्मार्ट गुडघा आणि ‘लॉक’ या शब्दाचा गुंता

मांडीतून पाय कापावा लागलेल्यांच्या कृत्रिम गुडघ्याबद्दल बोलताना ‘लॉक’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली म्हणजे खरीखुरी खिट्टी: पाय काठीसारखा ताठ, बसताना दोरी ओढून सोडवायचा. दुसरी, एकमेकांना जोडलेल्या चार दांड्यांच्या गुडघ्याची भूमिती. सरळ पायावर भार आला की तो वाकत नाही. पण एकदा वाकला की आधार संपला. तिसरी, गुडघ्यातल्या सिलिंडरमधलं तेल ज्यातून वाहतं ती झडप जवळजवळ बंद करणं. यात गुडघा अडकत नाही, वजनाखाली सावकाश दबतो. खुर्चीत बसताना किंवा उतारावर हाच सावकाशपणा कामाला येतो. त्याला ‘लॉक’ म्हणणं चूकच आहे, कारण त्यावर विसंबून उभा राहणारा माणूस हळूहळू खाली जातो.

गुडघा वाकण्याला होणारा हा तेलाचा विरोध संगणकाच्या आधीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुरू झालेल्या कामातून १९६० च्या दशकाअखेर आलेल्या हायड्रॉलिक गुडघ्यात विरोध कायम चालू असे. चवड्यावर भार देऊन गुडघा सुमारे ०.१ सेकंद मागे दाबला, तरच विरोध सुटून तो झुलायला मोकळा होई. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी कल्पनेवर ब्रिटनमध्ये बनलेल्या गुडघ्यात मायक्रोप्रोसेसर आला. पण तो हवेच्या सिलिंडरची झडप फिरवून फक्त झुलणाऱ्या पायाचा वेग सांभाळी. पाय टेकलेला असताना त्याचा उपयोग नव्हता. ती उणीव १९९७ मध्ये जर्मन गुडघ्याने भरून काढली. त्यात नडगीच्या नळीत भार मोजणारे स्ट्रेन गेज, सांध्यात कोनाचा सेन्सर, आणि सेकंदाला ५० वाचनं.

वाद इथून पुढचा. सेन्सरला नीट उमगलं नाही तर गुडघ्याने काय करायचं? एका मताप्रमाणे विरोध हीच मूळ स्थिती हवी. झुलायची खात्री पटली तरच सोडायचा. दुसऱ्या मताप्रमाणे सांधा मोकळा असावा आणि भार जाणवताच विरोध यावा. दुसऱ्यात चाल हलकी वाटते. पण झुलता पाय कशाला तरी अडला आणि भार ओळखायला क्षणभर उशीर झाला, तर माणूस पडतो. आमच्या मते पहिलाच पर्याय योग्य. २००० नंतर आलेल्या चुंबकीय द्रवाच्या, म्हणजे चुंबकाने घट्ट होणाऱ्या लोहकणमिश्रित तेलाच्या, गुडघ्यांत हा प्रश्न आणखी टोकदार झाला: वीज गेली की लोहकण सैल होतात आणि विरोधही जातो. कायमचुंबकाने थोडा विरोध राखता येतो, पण वजन वाढतं.

पहिल्या पर्यायातही खोट आहे. सुटण्याची मर्यादा नेहमीच्या कमाल चवडा-भाराच्या, समजा, ७० टक्क्यांवर ठेवली, तर गर्दीत छोटी पावलं टाकताना गुडघा सुटतच नाही आणि कंबर उचलून पाय ओढावा लागतो. मर्यादा खाली आणली, तर मागे चालताना तो नको तेव्हा सुटतो, कारण चवड्यावर भार आणि सरळ गुडघा ही खूण तिथेही जुळते. नडगी पुढे झुकतेय की मागे, हे सांगणारा जायरोस्कोप आल्यावर हा दोष बराच आटोक्यात आला.

चेन्नईत विकसित होऊन २०२२ मध्ये आलेला ‘कदम’ हा गुडघा मात्र इलेक्ट्रॉनिक्सशिवायचा, दांड्यांच्या भूमितीचा. तो १६० अंशांपर्यंत वाकतो आणि ३० लाख आवर्तनांच्या चाचणीतून गेला आहे. पण मांडी घालून बसायला नुसतं वाकणं पुरत नाही. सॉकेट (उरलेली मांडी ज्यात बसते तो साचा) आणि गुडघा यांच्यामध्ये फिरता जोड लागतो. उरलेली मांडी लांब असेल तर त्या जोडाच्या उंचीमुळे कृत्रिम गुडघा दुसऱ्या गुडघ्याच्या खाली येतो. म्हणून सॉकेटचं माप घेतानाच ही जागा मोजून ठेवावी.