मुंबईत नेट सगळीकडे सारखं का नाही: थोडी पार्श्वभूमी

समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला आणि प्रभादेवीला येऊन लागतात, तरी याच शहरात एका उंच इमारतीला तीन-चार कंपन्यांचं फायबर आणि मागच्या चाळीत फक्त गल्लीतला केबलवाला, असं का?

1995 चं डायलअप (फोन लाइनवरून लागणारं नेट) आणि 1998 मध्ये खासगी कंपन्यांना नेट द्यायला मिळालेली परवानगी सगळ्यांना माहीत आहे. फक्त एक लक्षात घ्या, लँडलाइनच्या एसटीडी कोडप्रमाणे ठाणे आणि मीरा रोड मुंबईच्या 022 मध्ये, डोंबिवली 0251, वसई-विरार 0250, आणि कोड बदलला की लँडलाइनची सरकारी कंपनीही वेगळी असायची, 022 मध्ये एमटीएनएल आणि बाहेर बीएसएनएल. लोकल ट्रेन एकच पण फोनची हद्द निराळी.

खरी गोची 2004 ची आहे. एप्रिलमध्ये दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, शिफारस केली की टेलिफोन एक्स्चेंजपासून घरापर्यंत सरकारी कंपन्यांची जी तांब्याची वायर आधीच पडलेली आहे ती खासगी कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्या. ऑक्टोबरमध्ये सरकारची ब्रॉडबँड पॉलिसी आली आणि त्यात ही सक्ती गायब, आपसात करार करून घ्या एवढंच. विरोध करणारे म्हणायचे वायर आमची, खर्च आमचा, मग गिऱ्हाईक दुसऱ्याने का न्यावं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही, पण ती वायर जनतेच्याच पैशातून टाकलेली होती आणि ती चाळीतसुद्धा पोचलेली होती हे कोणी धरलंच नाही! त्याच पॉलिसीत 2010 पर्यंत 2 कोटी ब्रॉडबँड कनेक्शनचं टार्गेट होतं, प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास झाली.

2005 ला सरकारी डीएसएल, म्हणजे त्याच तांब्याच्या वायरवरचं ब्रॉडबँड, आलं, पण त्यात एक्स्चेंजपासून जितकं लांब तितका स्पीड कमी, चार-पाच किलोमीटरवर तर कनेक्शन टिकायची मारामार. खासगीवाल्यांना वायर मिळेना आणि रस्ता खोदायचा तर पालिका मीटरच्या हिशेबाने पैसे लावणार, म्हणून त्यांनी केबल टीव्हीवाल्यांना धरलं, या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर ओढली, आणि साहजिकच जिथे एका जिन्यात जास्त गिऱ्हाइकं तिथे आधी गेले. नंतर सोसायट्यांनी एकाच कंपनीला आत घ्यायचं सुरू केलं ते वेगळंच.

2016 मध्ये खोदाईच्या परवानगीचे देशभरासाठी नियम आले. 2024 मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग देण्याचे नियमही आले, पण त्यासाठी अर्ज बिल्डरने किंवा इमारत सांभाळणाऱ्याने स्वतःहून करायचा आहे, म्हणजे ज्यांच्याकडे फायबर आधीच आहे तेच करणार.