जुन्या संगणकांचा रेंडर फार्म: खरेदीआधी हे वाचा

घरी रेंडर फार्म (थ्रीडी दृश्यांतून चित्रं तयार करायचं, म्हणजे रेंडरिंगचं, काम वाटून घेणारे अनेक संगणक) उभारायचा म्हणून जुने संगणक बघायला येणाऱ्या ग्राहकांना आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो: काम ॲनिमेशनचं आहे की स्थिर चित्रांचं? फार्ममध्ये प्रत्येक संगणक आपापली फ्रेम उचलतो. १० सेकंदांचा शॉट, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४० फ्रेम. एका फ्रेमला १० मिनिटं धरली तर एकटा संगणक ४० तास अडकून पडतो. त्याच ताकदीचे चार लावले तर काम साधारण १० तासांत उरकतं. पण एकच मोठं चित्र काढायचं असेल, तर बाकीचे तीन हातावर हात धरून बसतात. चित्राचे तुकडे पाडून वाटता येतात, पण एवढा खटाटोप क्वचितच परवडतो. अशांनी फार्मच्या फंदात न पडता एक चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं.

मेमरीबद्दल हमखास गैरसमज असतो. ८ जीबीचे चार संगणक म्हणजे ३२ जीबी नव्हे. प्रत्येक मशीनला अख्खा सीन (रेंडर करायचं पूर्ण थ्रीडी दृश्य) स्वतःच्याच मेमरीत उतरवावा लागतो. सीन १२ जीबी खात असेल तर ८ जीबीची मशीन कितीही जोडा, ती रखडणार नाहीतर मध्येच बंद पडणार. म्हणून प्रत्येकी १६ जीबी तरी घ्याच. डिस्क छोटी असली तरी भागतं.

कोणती मशीन घ्यावी

ऑफिसांतून निघालेले एकसारखे टॉवर उत्तम. एकाचा पंखा गेला तर दुसऱ्याचा बसतो. कोअर २ ड्युओच्या काळातली मशीन फुकट मिळाली तरी नको: ब्लेंडरला (थ्रीडी कामाचं मोफत सॉफ्टवेअर) ४.२ आवृत्तीपासून एसएसई ४.२ नावाचा सूचनासंच चालवणारा प्रोसेसर लागतो आणि त्या पिढीत ती सोय नाही. ब्लेंडर ओपन डेटा या वेगचाचणीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरनिहाय गुण मिळतात. त्या गुणांना मशीन प्रत्यक्ष ओढत असलेल्या वॅटने भागा. आमच्या मते खरेदीचा खरा निकष हाच. दोन झिऑन प्रोसेसरचं जुनं वर्कस्टेशन गाभ्यांच्या (कोअरच्या) संख्येवर भुलवतं, पण स्वस्तात घेतलेलं मशीन विजेच्या बिलात वसुली करतं. १५० वॅटची सहा मशीन १० तास चालली की ९ युनिट झाली, आणि ती सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उतरते. सहाही मशीन एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका.

आमच्याकडून जाणाऱ्या मशीनचा वाळलेला थर्मल पेस्ट बदललेला असतो, मेमरी रात्रभर तपासलेली असते आणि बायोसचा (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचा) पासवर्ड काढलेला असतो. दुसरीकडून घेणार असाल तर या तिन्ही गोष्टी विचारून घ्या, पासवर्डाची तर आधी.

जोडणी

गिगाबिट स्विच, केबल आणि सगळ्यांना एकाच पत्त्यावर दिसणारं सामायिक फोल्डर, एवढ्यावर काम सुरू होतं. ब्लेंडरची आवृत्ती सगळीकडे तंतोतंत एकच ठेवा, नाहीतर फ्रेमागणिक छटा बदलू शकतात. कापड, पाणी, धूर यांचं सिम्युलेशन आधी बेक करून (एकदाच मोजून साठवून) ती कॅश त्याच सामायिक फोल्डरात ठेवा.

दोन-तीन मशीनना व्यवस्थापक सॉफ्टवेअरचीही गरज नाही. आउटपुट व्हिडिओ न ठेवता पीएनजी किंवा ईएक्सआर या चित्रफाइली ठेवा, ‘ओव्हरराइट’ बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू करा आणि प्रत्येक मशीनवर तीच फाईल रेंडरला लावा. मशीन फ्रेम घेताना त्या क्रमांकाची रिकामी फाईल टाकतं, ती दिसली की दुसरं पुढची फ्रेम धरतं. एखादं मशीन मध्येच बंद पडलं तर मात्र ती शून्य बाइटची फाईल तशीच राहते आणि बाकीचे तिला झालेली समजून सोडून देतात. म्हणून शेवटी फोल्डर आकारानुसार लावा, रिकाम्या फाइली पुसा आणि रेंडर पुन्हा सुरू करा. मशीन वाढली की ब्लेंडरचंच मोफत व्यवस्थापक सॉफ्टवेअर फ्लामेंको बसवा. बंद पडलेल्या मशीनचं काम ते दुसऱ्याकडे सोपवतं. सशुल्क रेंडर इंजिन वापरत असाल तर दर मशीनमागे वेगळा परवाना लागतो का, हे आधी पाहा.

येताना तुमचा सगळ्यात जड सीन, टेक्स्चर (पृष्ठभागांवर लावलेली चित्रं) फाईलमध्येच पॅक करून, पेन ड्राइव्हवर आणा. पसंत पडलेल्या मशीनवर त्यातली एक फ्रेम तुमच्यासमोर रेंडर करू, शेजारी वॅटमीटर लावून.