चिडाचा शंकू उघडतो-मिटतो तो कशाच्या बळावर?

नैनिताल-मसुरीहून परतताना पुष्कळ जण चीड या पाइनच्या झाडाचे एक-दोन शंकू, म्हणजे बिया धरणारी खवलेदार लाकडी बोंडं, पिशवीत टाकून आणतात आणि शोकेसमध्ये मांडतात. तो एकदा बादलीत बुडवून बघा.

खवले पसरलेला कोरडा शंकू पाण्यावर तरंगतो, म्हणून वर जड वाटी ठेवावी. लहान शंकू तासाभरात मिटायला लागतो. चिडाचा मोठा, जाड खवल्यांचा असेल तर रात्रभर राहू द्यावा. कोमट पाण्यात काम लवकर होतं. बाहेर काढून उन्हात ठेवला की एक-दोन दिवसांत पुन्हा उघडतो आणि असं कितीही वेळा करता येतं. शंकूला व्हर्निश मारलेलं असेल तर पाणी आत शिरत नाही आणि काहीच घडत नाही. झाडावरून तोडलेला हिरवा, कच्चा शंकूही उपयोगाचा नाही. ओला शंकू प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर बुरशी धरतो.

यात जिवंत असं काहीच नाही. खवल्यातल्या पेशी कधीच मेलेल्या असतात, उरलेल्या असतात फक्त त्यांच्या भिंती. या भिंतींमध्ये सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू असतात. पाणी शोषलं की भिंत तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात लाकडी दार रुंदीला फुगून चौकटीत अडकतं, पण उंचीला वाढत नाही, त्याचं कारणही हेच. खवल्यात असे दोन थर पाठीला पाठ लावून असतात. बाहेरच्या, म्हणजे खालच्या थरात तंतू पेशीभोवती जवळजवळ आडवे गुंडाळलेले, त्यामुळे भिजल्यावर तो लांब होतो. आतल्या थरातले तंतू बरेच उभे, त्यामुळे तो फारसा वाढत नाही. एक बाजू लांबली आणि दुसरी जागच्या जागी राहिली की खवला आत वळणारच. रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात, तंतू पेशीच्या लांबीशी करतात ते कोन मोजून मांडले: बाहेर सुमारे 74 अंश, आत सुमारे 30.

झाडाला याचा फायदा काय? प्रत्येक खवल्याच्या वरच्या अंगाला दोन बिया असतात, चिडाच्या बीला पातळ पंखही असतो. ओल्या हवेत पंख चिकटतो आणि बी झाडाखालीच पडतं. कोरड्या वाऱ्यात ते लांब जातं. चिडाचा शंकू पिकायला सुमारे दोन वर्षं घेतो आणि उघडतो तो एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत. बी जमिनीवर पोचतं, मग पाऊस येतो.

रचना किती टिकाऊ आहे पाहा: जर्मनीतल्या कोळशाच्या थरांत सापडलेले एक कोटीहून अधिक वर्षं जुने शंकू भिजवले-सुकवले तेव्हा त्यांच्या खवल्यांनी अजूनही हालचाल केली.

इंग्रजीत पूर्वी या शंकूलाच ‘पाइनॲपल’ म्हणत. सतराव्या शतकात ते नाव खवलेदार फळाला चिकटलं आणि शंकूला ‘पाइन कोन’ म्हणायला सुरुवात झाली. आपण अननस पोर्तुगीजांकडून उचलला, त्यामुळे हा घोळ मराठीत नाही.

प्रयोगासाठी देवदाराचा शंकू घेऊ नका, तो झाडावरच खवला-खवला होऊन विखुरतो. कोकण किनाऱ्यावरच्या सुरूची बोंडंही दिसायला तशीच, पण सुरू सपुष्प वनस्पती आहे, ती बोंडं म्हणजे फळांचा लाकडी झुपका.

याच शंकूचा आर्द्रतादर्शक करता येतो. मधला एक धडधाकट खवला निवडा. त्याच्या टोकाला झाडूची 15-20 सेंटिमीटरची काडी फेव्हिकॉलने लांबीच्या दिशेत चिकटवा. खवला मुळाशी थोडासाच वळतो, काडीमुळे तेवढंच वळण टोकाला मोठं दिसतं. गोंद खवल्याच्या टोकालाच लावा, मुळाशी गेला तर वळणारा भाग जखडतो. शंकू बुडाशी पक्का बसवून मागे पुठ्ठा उभा करा. आधी कडक उन्हात सुकवून काडी जिथे थांबेल तिथे ‘कोरडे’ अशी खूण करा, मग ओल्या फडक्यासह झाकणाच्या मोठ्या डब्यात रात्रभर ठेवून दुसरी. पावसाच्या झडीत काडी दुसऱ्या खुणेकडे सरकते, पण हवा बदलल्यावर काही तासांनी, लगेच नाही.