दाखल्यावरचा शब्द आणि अठरानंतरची थेरपी : बेळगाव सीमाभागातली पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूर पट्ट्यात आज विशी-पंचविशीत असलेल्या स्वमग्न मुलाच्या घरातली फाइल उघडली, तर सगळ्यात खाली बहुधा अपंगत्वाचा एक लॅमिनेट केलेला दाखला निघतो. त्यावर स्वमग्न किंवा ऑटिझम हा शब्द नसतो. असतं ते 'बुद्धिमांद्य', म्हणजे आपल्याकडचं मतिमंद. आज त्या मुलाला कोणती थेरपी मिळते, किंवा मिळत नाही, याची सुरुवात पुष्कळदा त्या कागदापाशी झालेली असते.

ही मुलं लहान होती तेव्हा १९९५ चा अपंग कायदा चालू होता. त्यात सातच प्रकार होते : अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. ऑटिझमला त्यात जागा नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं त्याचं नाव घेतलं खरं, पण त्या कायद्याचा भर अठरानंतरचं कायदेशीर पालकत्व आणि सांभाळ करणाऱ्या संस्था यांवर होता. सवलतींचा दाखला निघायचा तो जुन्या सात खणांतूनच. मग डॉक्टरच सुचवायचे, मतिमंद लिहून घ्या, बसचा पास तरी मिळेल. त्यांचंही फार चुकलं असं मला वाटत नाही. पण ज्या मुलाचा बुद्ध्यंक ७० च्या वर निघाला, त्याला तोही कागद मिळाला नाही. गावात त्याच्यासाठी एकच शब्द होता, खुळं.

त्या एका शब्दानं वाट ठरली. मतिमंद म्हटलं की विशेष शाळा, आणि तिथं मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पणत्या रंगवणं. आवाज सहन होत नाही म्हणून कानावर हात ठेवणारा, बोलता येत नाही पण वाचता येतं असा मुलगा त्याच बाकावर बसला. त्याला संवादासाठी चित्रांचे तक्ते किंवा टॅब द्यावा, त्याच्या इंद्रियांच्या त्रासाकडे बघावं, हे कुणाच्या कामातच नव्हतं.

२०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. प्रकार सातावरून २१ झाले आणि ऑटिझम स्वतःच्या नावानं आला. मोजमापासाठी भारतीय मापनश्रेणी ठरली : ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० गुण झाले की ४० टक्के अपंगत्व, आणि ४० टक्क्यांखाली बहुतेक सवलती नाहीत. इथून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. जुना दाखला बदलून घ्यायचा की नाही?

पालकांत सरळ दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, आहे ते राहू दे. पेन्शन टक्केवारीवर कमी-जास्त होते, नव्या मोजणीत आकडा घसरला तर काय करणार? ही भीती पोकळ नाही. पंधरा वर्षं आईनं घासून घासून मुलाला नजर मिळवायला, नाव विचारल्यावर उत्तर द्यायला शिकवलं, म्हणून गुण कमी पडतात आणि टक्के उतरतात. म्हणजे थेरपी लागू पडली की दाखला हातचा जातो. दुसऱ्या तटाचं म्हणणं, चुकीचा शब्द घेऊन मूल आयुष्यभर फिरणार का? माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे. केंद्राची निरामय विमा योजना, वर्षाला १ लाखापर्यंतची, दोन्ही शब्दांना लागू आहे. नोकरीतल्या ४ टक्क्यांपैकी ज्या १ टक्क्यात ऑटिझम येतो, त्यातच बौद्धिक अपंगत्वही आहे. तिथं फार काही हरवत नाही. उलट नवा थेरपिस्ट फाइल उघडतो तेव्हा पहिल्यांदा तोच शब्द वाचतो आणि पुढचं त्याप्रमाणे ठरवतो.

'स्वमग्न' हा शब्दही सगळ्यांना पटत नाही. मग्न म्हटलं की आपल्याला भजनात रंगलेला माणूस दिसतो. एक आई म्हणाली, "मग्न कुठला, त्याला मिक्सरचा आवाज सोसत नाही म्हणून तो पळूलालाय." कन्नडमध्ये स्वलीनता म्हणतात, तेही त्याच वळणाचं. कर्नाटकातल्या अपंगांसाठीच्या खात्याच्या पाटीवर 'विकलचेतन' असतं. कन्नड माणसाला तो आदराचा शब्द वाटतो, मराठी कानाला मात्र चेतनाच विकल झाल्यासारखी वाटते. भाषेची अडचण थेरपीच्या खोलीतही येतेच. कार्डावर 'मुलगा जेवत आहे', थेरपिस्टच्या तोंडी 'ऊट', आणि घरी 'जेवूलालाय'. पूर्वी सांगायचे, घरात एकच भाषा ठेवा. दोन भाषांनी ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडत नाही, असं आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. तरी तो जुना सल्ला इथं अजून दिला जातो, आणि 'एकच' म्हणजे कुठली, तेही वरूनच ठरतं.

वयाचा प्रश्न मुळातच आहे, सगळं लहान मुलांभोवतीच बेतलेलं. ऑटिझमची ओळख करून देणारा १९४३ चा शोधनिबंध ११ मुलांवर होता. वर्तन-थेरपीचा गाजलेला आणि आजही वादात असलेला १९८७ चा अभ्यास चार वर्षांखालच्या १९ मुलांचा, आठवड्याला ४० तासांचा. आपल्याकडची २०१३ ची बालस्वास्थ्य योजना आणि तिची जिल्ह्याची केंद्रं शून्य ते अठरा. कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही अठरापर्यंतच. माझा भाचा २१ व्या वर्षी थेरपीला गेला, तेव्हा खोलीत प्लास्टिकचे चेंडू, छोटा झोका आणि बालवाडीतल्या खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर गुडघे छातीशी घेऊन तो पाऊण तास बसला. पुढच्या वेळी रिक्षातून उतरलाच नाही.

तरुणांसाठी खरं उपयोगाचं काय, याची यादी फार लांब नाही. दाढी, पैसे, बस, मोबाइल अशा रोजच्या कामांसाठी ऑक्युपेशनल थेरपी. चिंता आणि नैराश्य यासाठी समुपदेशन, तेही गोलगोल न बोलता, लिहून, चित्र काढून. संवादाची साधनं, कारण अठरानंतर बोलणं येणारच नाही हे खरं नाही आणि बोलणं हाच एक मार्ग आहे हेही खरं नाही. कामाच्या जागी सोबत राहून शिकवणारा माणूस. औषधं चिडचिड, झोप, फिट्स यांसाठी. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. लाखांत पैसे घेणाऱ्या स्टेम सेल थेरपीचं तर नावच नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं २०२२ च्या डिसेंबरात ऑटिझमसाठी ती देऊ नये असं सांगितलंय.

यातलं बरंचसं बेळगावात तुकड्यातुकड्यानं मिळतं, बाकीच्यासाठी धारवाड, नाहीतर कोल्हापूर. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य विमा योजना देऊ केली, त्यावरून दोन्हीकडे बरंच तापलं. पण ती रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांची. दर मंगळवारी एक तास, वर्षानुवर्षं, असल्या खर्चाचा प्रश्न तिनं सुटत नाही.

भाचा आता बेळगावातल्या शहापूरला एका मिठाईच्या दुकानात कुंद्याची खोकी घडी करतो. दुसऱ्या थेरपिस्टबाई दुकानात येऊन तासभर नुसत्या बघत बसल्या आणि त्याचं टेबल मिक्सरपासून मागच्या भिंतीकडे हलवायला सांगून गेल्या. त्या दिवसापासून तो कानावर हात न ठेवता दुपारपर्यंत बसतो.