रेडलायनिंग

अमेरिकेत रहिवाशांचा वंश पाहून वस्त्याच्या वस्त्यांना गृहकर्ज नाकारण्याची पद्धत. १९३०च्या दशकात तिला सरकारी धोरणाचे बळ मिळाले. महामंदीत घरांवर जप्ती येऊ लागली, तेव्हा अडचणीतल्या घरमालकांची कर्जे सावरण्यासाठी १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. कर्जासाठी सर्वांत सुरक्षित वस्ती हिरवी, सर्वांत धोक्याची लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ हमखास लाल.

नकाशांचा बोलबाला जास्त असला, तरी खरे नुकसान १९३४ मध्ये सुरू झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने केले. ही संस्था स्वतः कर्ज देत नसे, बँकांच्या कर्जाचा विमा उतरवत असे. कर्ज बुडाले तरी बँकेला झळ नाही. त्यामुळे आधी थोडी रक्कम भरून, बाकीची वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांनी फेडून घर घेणे गोऱ्या पगारदारांच्या आवाक्यात आले. तिच्या नियमपुस्तिकेने मात्र वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ हा धोका ठरवला आणि खरेदीखतातच कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारी अट घालण्याची शिफारस केली. डेट्रॉइटमध्ये एट माइल रस्त्याजवळ १९४१ मध्ये एका बिल्डरने, आपल्या नियोजित घरांना हा विमा मिळावा म्हणून, शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या कडेने सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत उभारली. ती अजून उभी आहे.

बँकेची दारे बंद झाल्यावर शिकागोत अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी दलालांकडून ‘काँट्रॅक्ट’वर घरे घेतली. किंमत बाजारभावाच्या कितीतरी वर, दुरुस्ती घेणाऱ्याच्या माथी, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर दलालाच्याच नावावर. एक हप्ता चुकला, तरी भरलेले सगळे पैसे बुडवून कुटुंबाला घराबाहेर काढता येई. ही उघड लूट होती, आणि तिला वाव सरकारी नियमांनी करून दिला होता. १९६८ मध्ये लॉनडेल भागातील अशा कुटुंबांनी संघटना बांधून हप्ते रोखून धरले.

खरेदीखतातील वांशिक अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. घरांची विक्री, भाडे आणि कर्ज यांतील भेदभावावर कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात. तोवर उपनगरांतील घरांचे भाव चढले होते आणि ती वाढ गोऱ्या कुटुंबांच्या पदरात पडली होती. आज सुमारे तीन चतुर्थांश गोरी कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात. कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे.