एकविसाव्या ओळीतली अक्षरे

मूकपटांच्या काळात ऐकू येणारे आणि न येणारे, दोघेही पडद्यावरच्या त्याच पाट्या वाचत. १९२० च्या दशकाअखेर बोलपट आले, पाट्या गेल्या आणि कर्णबधिर प्रेक्षकाची कथाच हरवली. पुढे टीव्ही घरोघरी पोचला, तोही त्यांच्यासाठी मुकाच होता.

अमेरिकेत हे बदलायला १९७२ उजाडावे लागले. बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने ज्युलिया चाइल्ड यांच्या ‘द फ्रेंच शेफ’ या पाककलेच्या कार्यक्रमाला कॅप्शन, म्हणजे बोलणे पडद्यावर अक्षरांत, दिले. पुढच्या वर्षअखेरीस हेच केंद्र एबीसी वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्या अवघ्या काही तासांत कॅप्शन लावून रात्री उशिरा पुन्हा दाखवू लागले. देशात काय घडले ते त्याच दिवशी कळणे, ही कर्णबधिर घरांसाठी फार मोठी गोष्ट होती.

ही अक्षरे मात्र सगळ्यांनाच दिसत, आणि ऐकू येणारे प्रेक्षक वैतागतील ही वाहिन्यांना धास्ती. त्यातून पुढे आली ती हवे त्यालाच दिसणारी ‘क्लोज्ड’ कॅप्शन. तिथल्या ॲनालॉग चित्राच्या ५२५ ओळी असत. वरच्या काही ओळी पडद्यावर उमटत नसत. त्यांतली २१वी ओळ दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, १९७६ मध्ये कॅप्शनसाठी राखून ठेवली. एका फ्रेमबरोबर फक्त दोन अक्षरे जात, पण सेकंदाला सुमारे तीस फ्रेम असल्याने संवादाचा वेग गाठता येई.

१६ मार्च १९८० रोजी एबीसी, एनबीसी आणि पीबीएसवर असे कार्यक्रम नियमित सुरू झाले. सीबीएस ही वाहिनी टेलिटेक्स्ट या मजकूर पाठवण्याच्या वेगळ्या पद्धतीच्या हट्टापायी १९८४ पर्यंत बाहेर राहिली; कर्णबधिरांना तिच्याविरुद्ध निदर्शने करावी लागली. १९८२ पासून कोर्टातल्या स्टेनोंच्या यंत्रावर थेट प्रक्षेपणाचेही कॅप्शन टंकले जाऊ लागले. ऐकता ऐकता लिहिणाऱ्या या मंडळींचे कसब विलक्षण आहे.

खरी अडचण होती ती लपलेली कॅप्शन पडद्यावर उमटवणाऱ्या डीकोडरची. सीअर्सच्या दुकानांत मिळणारा हा डबा सुमारे २५० डॉलरचा. आधीच टीव्ही घेतलेल्या माणसाने तोच टीव्ही समजण्यासाठी पुन्हा एवढे पैसे मोजायचे, हा उघड अन्याय होता. डबे फारसे खपले नाहीत, आणि प्रेक्षक थोडे म्हणून कॅप्शनवर खर्च करायला निर्माते कचरत. ही कोंडी बाजाराने फोडली नाही, कायद्याने फोडली. १९९० च्या कायद्यामुळे १ जुलै १९९३ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १३ इंची आणि त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत डीकोडर आतच बसवणे सक्तीचे झाले. क्लोज्ड कॅप्शनचे प्रात्यक्षिक गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात १९७२ सालीच झाले होते. म्हणजे तंत्र हाताशी असूनही एकवीस वर्षे गेली.

कार्यक्रमांवरची सक्ती त्याहून उशिरा, १९९६ च्या कायद्याने आली. काही अपवाद सोडता सर्व नव्या इंग्रजी कार्यक्रमांना कॅप्शन देण्यासाठी वाहिन्यांना १ जानेवारी २००६ पर्यंत मुदत मिळाली. तोवर प्रेक्षक इंटरनेटकडे वळू लागले होते. तिथे कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेला नेटफ्लिक्सविरुद्ध कोर्टात जावे लागले, आणि २०१२ मध्ये तडजोड झाली.