प्रोसेसरला पत्ता लागू न देता रॅम वाढवायची
आठ बिटवाल्या जुन्या कॉम्प्युटरला ६४ केबीच्या वर मेमरी बसतच नाही, त्याच्या प्रोसेसरची कुवतच तेवढी, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो. कारण ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गंमत आहे.

उदाहरण घेऊया सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरचं. ब्रिटनमध्ये १९८२ साली आला, आत झेड८० प्रोसेसर, घड्याळ ३.५ मेगाहर्ट्झ, १६ केबी रॉम (फक्त वाचता येणारी, कायमची मेमरी) आणि रॅम १६ किंवा ४८ केबी. १६ वाल्याचा ४८ करणं हे तसं सरळ काम होतं, बऱ्याच बोर्डांवर रिकामी सॉकेट असायचीच, त्यात आठ रॅम चिप आणि चार छोट्या लॉजिक चिप दाबून बसवल्या की झालं. पण त्या आठ चिप कुठल्या ते बघा! सुरुवातीच्या मशीनमध्ये त्या असायच्या ६४ किलोबिटच्या, ज्यांचा एक अर्धा भाग कारखान्यातच खराब निघालेला, म्हणून ३२ किलोबिटच्या म्हणून विकलेल्या (अशा आठ मिळून ३२ केबी). कुठला अर्धा चांगला हे बोर्डवर एक वायरची लिंक जोडून ठरवायचं. टाकाऊ माल इतक्या हुशारीने वापरलेला मी दुसरीकडे फार पाहिलेला नाही.

१६ रॉम अधिक ४८ रॅम म्हणजे ६४. झाली हद्द. ही हद्द येते कुठून? झेड८० मधून पत्त्याच्या १६ वायरी बाहेर येतात, ए० ते ए१५. प्रत्येक वायरीवर व्होल्टेज असतं किंवा नसतं, म्हणजे एकूण ६५,५३६ वेगवेगळे पत्ते. सतरावी वायर नाहीच. पण पत्ता म्हणजे फक्त वायरींवरचं व्होल्टेज, त्या पत्त्यामागे कुठली चिप बसलीय हे प्रोसेसरला कधीच कळत नाही! तो पत्ता टाकतो आणि समोरून आलेला बाइट मुकाट घेतो.

फिरता रंगमंच आठवा. प्रेक्षक खुर्चीतून हलत नाहीत, समोरची चौकट तेवढीच राहते, मागे मंच फिरतो आणि दिवाणखान्याच्या जागी कोर्ट येतं. स्पेक्ट्रम १२८ या नंतरच्या मॉडेलमध्ये नेमकं हेच केलंय. १२८ केबी रॅमचे १६ केबीचे आठ तुकडे, म्हणजे बँका, ० ते ७. आणि पत्ता ४९,१५२ पासून वरची १६ केबी ही चौकट. कुठली बँक चौकटीत आणायची ते ३२७६५ नंबरच्या पोर्टवर (मेमरीबाहेरच्या सर्किटशी बोलायचं दार) एक आकडा लिहून सांगायचं, त्यातले खालचे तीन बिट एका लॅचमध्ये, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या छोट्या सर्किटमध्ये, अडकून राहतात.

आता जरा नीट बघा. १६ केबीच्या आतली जागा सांगायला १४ वायरी पुरतात (१६,३८४ पत्ते). वरच्या दोन वायरी, ए१४ आणि ए१५, दोन्ही १ असल्या की ती आपली चौकट, आणि मग लॅचमधले तीन बिट त्या १४ वायरींना येऊन मिळतात. १४ अधिक ३ म्हणजे १७ बिट, म्हणजे १,३१,०७२ बाइट, म्हणजे बरोब्बर १२८ केबी. सतरावी वायर प्रोसेसरने दिली नाही, ती आपण बाहेर तयार केली! सगळ्यात खालची १६ केबी रॉमची, आणि मधल्या १६-१६ केबीच्या दोन खिडक्यांत बँक ५ आणि बँक २ कायमच्या असतात, आणि हे आकडे विचित्र वाटतात पण बायनरीत लिहा, १०१ आणि ०१०. पहिल्या खिडकीत ए१५ ए१४ असतात ०१, दुसरीत १०. म्हणजे ए१४, ए१५, ए१४ असं ओळीने मांडलं की बँकेचा नंबर आपोआप तयार. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की बस.

यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. प्रोग्राम ३२,७६८ वर, सुरक्षित, पण स्टॅक (प्रोसेसर परतीचे पत्ते लिहून ठेवतो ती रॅममधली जागा) मात्र वर त्या चौकटीतच राहिलेला. बँक बदलली, पुढच्या रिटर्नला प्रोसेसर परतीचा पत्ता घ्यायला स्टॅककडे गेला तर तिथे दुसऱ्याच बँकेतला कचरा, तोच पत्ता समजून तो तिकडे धावला आणि स्क्रीनभर रंगीत चौकोन. बँक बदलायच्या आधी स्टॅक खाली आणायचा, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं. शिवाय हा पोर्ट वाचता येत नाही, म्हणून आत्ता कुठली बँक लावलीय ते आपणच कुठेतरी लिहून ठेवायचं.

आणि एक गैरसमज. रॅम वाढली म्हणजे मशीन पळायला लागतं असं नाही, १२८ चं घड्याळ जवळपास तेच होतं. फोनच्या जाहिरातीत हल्ली ‘व्हर्च्युअल रॅम’ म्हणून जे मिरवतात ते स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरणं आहे आणि स्टोरेज रॅमपेक्षा हळूच असतं, त्या आकड्याला भुलू नका.

मशीन हातात असेल आणि उघडणार असाल तर रॅमच्याही आधी व्होल्टेज मोजा. जुन्या स्पेक्ट्रममधल्या खालच्या १६ केबी रॅमच्या ४११६ नंबरच्या चिपना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात, आणि त्यातला −५ गायब असताना बाकीचे चालू राहिले तर चिप तापून मरतात. नवीन चिप टाकली, ती पण गेली, असं होत असेल तर दोष चिपचा नाही, आधी तो −५ का येत नाही ते शोधा.